पाटाचं पाणी आणि बादलीभर उजेड

फ्लॅश लावल्यावर शटर किती ठेवायचं, हे बारामती-इंदापूर भागात फोटो काढणाऱ्यांना विचारलं तर उत्तर वयाप्रमाणे बदलतं. पन्नाशी ओलांडलेले फोटोग्राफर ‘साठ’ म्हणतात. तिशीतले ‘दोनशे’ म्हणतात. नुकताच मिररलेस कॅमेरा घेतलेला पोरगा म्हणतो, ‘एचएसएस लावा आणि काहीही ठेवा.’ तिघेही आपापल्या हातातल्या यंत्रापुरते बरोबर आहेत. पण त्या आकड्यामागचं कारण क्वचितच कुणी सांगतं. कारण कळलं नाही तर कॅमेरा बदलल्यावर, मंडप बदलल्यावर किंवा वारीत बेलवाडीच्या रिंगणात अचानक ढग आल्यावर तो आकडा कुचकामी ठरतो. म्हणून या लेखात एकेक प्रसंग घेऊन हा प्रश्न तपासतो आहे. प्रसंग सगळे याच दोन तालुक्यांतले आहेत.

आमच्याकडे पाण्याची पाळी आली की माणूस रात्री दारं धरायला जातो. नीरा डाव्या कालव्याचं पाणी चारीतून सरीत येतं. सरीत किती पाणी गेलं हे दोन गोष्टींवर ठरतं: दारं किती रुंद फोडलं आणि किती वेळ उघडं ठेवलं. कॅमेऱ्यातलं ॲपर्चर म्हणजे ती रुंदी आणि शटर म्हणजे तो वेळ. वाहतं पाणी म्हणजे ऊन, ट्यूबलाइट, मंडपातल्या माळा, म्हणजे सतत चालू असलेला उजेड. आता दारं उघडं असताना त्याच्या तोंडाशी कुणी एक बादली ओतली असं समजा. बादली रिकामी व्हायला क्षण लागतो. दारं पाच मिनिटं उघडं असो की पंचवीस, बादलीतलं पाणी तेवढंच राहतं. दारं अरुंद केलं तर मात्र बादलीतलं पाणीही कमी आत जातं.

फ्लॅश म्हणजे ती बादली. कॅमेऱ्यावर बसणारी नेहमीची फ्लॅशगन पूर्ण ताकदीला सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात, किंवा त्याहून थोड्या जास्त वेळात, सगळा उजेड टाकून मोकळी होते. ताकद १/१२८ वर आणली तर तोच झोत वीस-तीस हजाराव्या भागात संपतो. शटर १/३० असो की १/२००, फ्लॅशचं काम त्याच्या आत कधीच उरकलेलं असतं. त्यामुळे शटर बदलून फ्लॅशचा उजेड कमी-जास्त होत नाही, फक्त मागचा, चालू उजेड कमी-जास्त होतो. फ्लॅशचा उजेड बदलतो तो ॲपर्चर, आयएसओ, फ्लॅशची ताकद आणि अंतर यांनी. या विषयातलं हे सगळ्यात महत्त्वाचं सूत्र आहे आणि ते सांगायला पाच मिनिटंही लागत नाहीत. तरी वर्षानुवर्षं लग्नं काढणारी माणसंसुद्धा ते न कळता काम करताना मी पाहिली आहेत, याचं वाईट वाटतं.

हे ज्ञान काही डिजिटल युगातलं नाही. १८५१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टालबटनं वर्तमानपत्राचं पान एका चाकावर चिकटवून ते वेगानं फिरवलं. खोलीत अंधार केला, कॅमेऱ्याचं तोंड उघडंच ठेवलं आणि विजेची एक ठिणगी पाडली. फिरत्या पानावरची अक्षरं काचेवर वाचता येतील अशी उमटली. शटर नावाची वस्तू तिथं जवळजवळ नव्हतीच. अंधार असल्यामुळे पाटात पाणीच नव्हतं, होती ती फक्त बादली. पुढे १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर आली, १९३० च्या सुमारास काचेचे फ्लॅशबल्ब आले आणि त्याच दशकात अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टननं इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचा झोत इतका आखूड केला, की पुढे १९५७ मध्ये दुधाच्या थेंबाचा मुकुट त्याच्या फोटोत गोठला.

मग ‘साठ’ कुठून आलं? फिल्मच्या आणि आताच्याही बहुतेक कॅमेऱ्यांत शटरला दोन पडदे असतात. पहिला सरकतो आणि सेन्सर उघडा पडतो, दुसरा मागून येतो आणि झाकतो. वेग कमी असेल तर एक क्षण असा येतो की सेन्सर पूर्ण उघडा असतो, आणि त्याच क्षणी फ्लॅश उडायला हवा. वेग वाढवला की पहिला पडदा पलीकडे पोचण्याआधीच दुसरा निघतो, मग सेन्सरवरून नुसती फट सरकते. त्या फटीच्या वेळी फ्लॅश उडाला तर फोटोचा एक पट्टा उजळतो आणि बाकीच्या भागापर्यंत फ्लॅशचा उजेड पोचतच नाही. पूर्ण उघडीप मिळणारा सर्वात जलद वेग म्हणजे सिंक स्पीड. १९७६ मध्ये आलेल्या पेंटॅक्स के-१००० चा हा वेग १/६० होता. जुन्या कॅमेऱ्यांच्या डायलवर हा आकडा वेगळ्या रंगात किंवा विजेच्या खुणेसह छापलेला असायचा. जे त्या कॅमेऱ्यांवर काम शिकले, त्यांच्या बोटांना साठची सवय लागली आणि डिजिटल आलं तरी ती टिकली. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक १/२०० किंवा १/२५० आहे. तिशीतल्यांचं ‘दोनशे’ तिथून आलं.

कॅमेऱ्याच्याच कंपनीचा फ्लॅश डोक्यावर बसवला तर कॅमेरा वेग आपोआप त्या मर्यादेत ठेवतो. साध्या रेडिओ ट्रिगरवर किंवा वायरनं फ्लॅश जोडला की ही राखण संपते. मग फोटोच्या खालच्या बाजूला काळा पट्टा येतो आणि माणूस कॅमेरा दुरुस्तीला टाकतो. पट्टा दिसला की आधी शटरचा आकडा पाहावा. दहापैकी नऊ वेळा तो ३२० किंवा ५०० वर गेलेला असतो.

आता मंडपात चला, कारण या भागातला फ्लॅशचा खरा संसार मंगल कार्यालयात आणि लॉन्सवरच चालतो.

माझ्या घरातल्या एका लग्नाचा अल्बम अजून कपाटात आहे. प्रत्येक फोटोत नवरा-नवरी चुन्यासारखे पांढरे आहेत आणि मागे काळोख. मागच्या रांगेत आजोबा उभे होते. त्यांचा त्या दिवसाचा एकही नीट फोटो नाही, नुसती पागोट्याची कड दिसते. त्या फोटोग्राफरचा फ्लॅश चांगलाच होता. चूक अंतराच्या आणि शटरच्या हिशेबात होती.

अंतराचा हिशेब असा. फ्लॅशपासून नवरी दोन मीटरवर असेल आणि तिच्यावर पुरेसा उजेड पडत असेल, तर चार मीटरवरच्या मामाला त्याचा चौथा भाग मिळतो आणि आठ मीटरवरच्या वऱ्हाडाला सोळावा. फ्लॅशची ताकद कितीही वाढवा, हे प्रमाण तसंच राहतं. मागची माणसं दिसायची असतील तर त्यांच्यावर आधीच पडलेला मंडपाचा उजेड कॅमेऱ्यात शिरू द्यायला हवा, म्हणजे दारं जास्त वेळ उघडं ठेवायला हवं. १/२०० ऐवजी १/५०, आयएसओ १०० ऐवजी ८००, ॲपर्चर एफ/४. आयएसओ आठपट झाल्यामुळे फ्लॅशची ताकद तेवढीच खाली आणायची. मग मागची आरास दिसते, आजोबा दिसतात आणि नवरीचा चेहराही मऊ राहतो. १/५० ला माणसं हलतील ही भीती निम्मी खरी आहे. चेहऱ्यावर मुख्य उजेड फ्लॅशचा असेल तर तो क्षण फ्लॅशच गोठवतो. हलली तर मागची एखादी रेघ हलते.

इथं मी जुन्या ‘साठ’पेक्षा ‘पन्नास’ घ्यायला सांगतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. तिच्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात, आपल्या डोळ्याला ते कळत नाही. १/१०० ला शटर बरोबर एक ठोका पकडतं, १/५० ला बरोबर दोन. १/६० ला पावणेदोनच्या आसपास अर्धवट ठोके सापडतात, म्हणून एकापाठोपाठ काढलेल्या फोटोंत पार्श्वभूमीचा उजेड आणि रंग थोडा थोडा वेगळा येतो. १/५०० वर गेलं तर स्वस्त एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टेच दिसू लागतात. यात्रेत रात्री फ्लडलाइटखाली कुस्त्यांचा फड रंगतो तेव्हाही हाच त्रास होतो. तिथं मात्र १/५० परवडत नाही, डाव सुटून जातो. बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत अँटी-फ्लिकर नावाची सोय असते. ती दिव्याचा ठोका ओळखून उजेड वर असतानाच शटर सोडते. कुस्तीला ती चालू ठेवावी आणि १/५०० ते १/८०० वर काम करावं. फ्लॅश अजिबात नको, पैलवानाच्या डोळ्यासमोर पकडीच्या क्षणी झोत मारणं धोक्याचं आहे.

मंडपातला दुसरा घोळ छताचा. फ्लॅशचं तोंड वर करून छतावरून उजेड परतवला की तो मोठा आणि मऊ होतो, हे सगळे शिकवतात. पण आपल्या कार्यालयांत छताखाली गुलाबी, केशरी, जांभळ्या कापडाच्या झालरी असतात. गुलाबी कापडावरून परतलेला उजेड गुलाबीच येतो, आणि हळदीचं अंग असेल तर त्या दोन रंगांच्या मिसळीतून जी कातडी दिसते ती कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नीट सुधारत नाही. लॉन्सवर तर छतच नसतं. उजेड आकाशात जातो आणि बॅटरी संपते. अशा वेळी लग्नपत्रिकेचा पांढरा पाठकोरा पुठ्ठा रबरबँडनं फ्लॅशच्या मागे उभा बांधावा. मी हे कितीतरी वेळा केलं आहे आणि बाजारातल्या महागड्या टोप्यांपेक्षा त्याचा निकाल वाईट नाही. पिवळ्या दिव्यांच्या मंडपात फ्लॅशवर नारिंगी जिलेटिनचा तुकडाही लावावा. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा पांढरा असतो, साध्या दिव्याचा तांबूस. दोन्ही एका रंगात आणले नाहीत तर पुढचा माणूस निळसर आणि मागचं जग पिवळं दिसतं.

अंतरपाट दूर होतो तो क्षण आणि अक्षतांचा वर्षाव यांना शटर-फ्लॅशची जोडी सगळ्यात जास्त उपयोगी पडते. अक्षता हवेत दाणा न दाणा सुटी दिसायला हवी असेल तर फ्लॅशची ताकद कमी आणि अंतरही कमी ठेवावं, कारण कमी ताकदीचा झोत आखूड असतो. पूर्ण ताकदीला तांदळाच्या दाण्याला शेपटी येते. वरातीत मात्र शेपटीच हवी असते. तिथं शटर १/८ पर्यंत खाली आणावं आणि फ्लॅश ‘रिअर कर्टन’वर ठेवावा, म्हणजे तो दुसरा पडदा निघायच्या आधी, अगदी शेवटी उडतो. नाचणाऱ्याच्या हालचालीच्या रेषा त्याच्या मागे राहतात आणि चेहरा पुढे स्पष्ट दिसतो. नेहमीच्या सेटिंगला फ्लॅश सुरुवातीला उडतो, मग रेषा माणसाच्या पुढे पडतात आणि तो उलटा चालल्यासारखा वाटतो.

मंडपातून बाहेर पडून आषाढी वारीच्या वाटेवर आलं की फ्लॅश बॅगेत जातो आणि शटर राजा होतो.

तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम उरकून काटेवाडीला येते. तिथं परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि रथाभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे बेलवाडीला या सोहळ्यातलं पहिलं गोल रिंगण, मग इंदापूरचं. बेलवाडीत पताकाधारी धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी, टाळकरी धावतात आणि शेवटी अश्व सुटतात. एक स्वाराचा आणि एक देवाचा, ज्यावर कुणी बसत नाही. रिंगणाच्या कडेला मोबाइल आणि कॅमेरे धरलेले हजारो हात असतात, आणि त्या गर्दीत दरवर्षी कुठं ना कुठं फ्लॅश चमकतात.

ते चमकणं वाया जातं. कॅमेऱ्यातला छोटा उघडणारा फ्लॅश साधारण गाइड नंबर (फ्लॅशची पोच सांगणारा आकडा) १२ चा असतो. एफ/५.६ आणि आयएसओ ४०० ला तो चार मीटरच्या आसपास पोचतो. घोडा पंधरा-वीस मीटरवरून जातो. मोठा फ्लॅश पोचेल, पण धावत्या घोड्याच्या डोळ्यासमोर वीज चमकवणं योग्य नाही. कडेला लहान मुलं बसलेली असतात. तिथं फ्लॅश बंद असावा असं मला ठामपणे वाटतं.

मग शटर किती? घोडा सेकंदाला दहा मीटर पळतो असं धरू. १/६० ला तो सतरा सेंटिमीटर सरकतो, १/१००० ला एकच सेंटिमीटर. पण घोड्याचा प्रत्येक भाग सारख्या वेगानं जात नाही. जमिनीवर टेकलेला खूर त्या क्षणी स्थिर असतो, तर पुढे झेपावणारा खूर अंगाच्या जवळजवळ दुप्पट वेगानं जातो. म्हणून १/५०० ला स्वार आणि पताका स्पष्ट येतात आणि खूर पुसट. खुराखालची उडालेली माती कणाकणानं हवी असेल तर १/२००० लागतो. आषाढातलं आभाळ भरलेलं असतं, त्यामुळे आयएसओ १६०० किंवा ३२०० वर न्यावा लागला तर न्यावा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

इथं १८७८ ची आठवण येते. कॅलिफोर्नियात पालो अल्टोच्या धावपट्टीवर एडवर्ड मायब्रिजनं बारा कॅमेरे ओळीनं मांडले आणि धावत्या घोडीचे फोटो काढले. चारही पाय हवेत असतात हे त्यातून सिद्ध झालं. पण ते चित्रकार रंगवत तसे पुढे-मागे ताणलेले नसतात, पोटाखाली गोळा झालेले असतात. बेलवाडीत हा क्षण पकडायचा असेल तर पाय पोटाखाली येतात तेव्हा बटण दाबावं. ताणलेल्या पायांच्या क्षणी एखादा खूर जमिनीवर असतोच.

उलट बाजूनं पाहिलं तर गोठवलेला घोडा कधी कधी उभ्या पुतळ्यासारखा दिसतो, रिंगणाचा वेग त्यातून निघून जातो. तेव्हा १/३० ते १/६० घेऊन घोड्याबरोबर कॅमेरा फिरवावा. अंग बऱ्यापैकी स्पष्ट, कडेची गर्दी रेषा होऊन वाहणारी, पाय धूसर. दहापैकी एखादाच साधतो. मला टाळकऱ्यांच्या पावल्यांसाठी हे जास्त आवडतं. एक पाऊल टेकलेलं असतं, तेवढं स्पष्ट राहतं आणि बाकी सगळं लयीत विरघळतं.

वाटेवरच्या वारकऱ्याचं भर दुपारचं व्यक्तिचित्र मात्र फ्लॅश मागतं, कारण टोपीच्या किंवा पागोट्याच्या सावलीत डोळे बुडतात. आणि इथं सिंकची मर्यादा टोचते. कडक उन्हात आयएसओ १०० ला साधारण एफ/१६ आणि १/१०० हे गणित बसतं. मागचं धूसर करायला एफ/२.८ हवं असेल तर शटर १/३२०० वर जातं, म्हणजे सिंकच्या फार पलीकडे. वाटा दोन. एफ/११ आणि १/२०० वर राहावं. तिथं ४० गाइड नंबरचा फ्लॅश साडेतीन मीटरपर्यंत पोचतो, ते पुरे. नाहीतर हाय स्पीड सिंक, म्हणजे एचएसएस वापरावं. त्यात फ्लॅश एकदम न उडता फट सरकत असेपर्यंत भराभर लुकलुकत राहतो. बादली एकदम न ओतता तांब्या-तांब्यानं ओतल्यासारखं. त्यात ताकद निम्म्याच्याही निम्मी होते आणि झोत आखूड राहत नाही, म्हणून हालचाल गोठवायचं काम मग शटरनंच करायचं. ‘एचएसएस लावा आणि काहीही ठेवा’ म्हणणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं, कारण भर उन्हात दोन मीटरपलीकडे हा तांब्या लवकर आटतो. आणि पांढरं धोतर, पांढरी टोपी समोर आली की कॅमेऱ्याचं मोजमाप फसतं, ते पांढऱ्याला करडं करायला बघतं. एक्स्पोजर अधिक एक करावं. फ्लॅशची भरपाई वेगळ्या बटणानं करावी लागते, तीही तपासावी.

पक्ष्यांच्या भिगवणला याहून सोपं आहे आणि अवघडही. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, भीमेचं पाणी मागे पसरलं आणि कुंभारगाव, डिकसळच्या उथळ काठांवर पक्ष्यांची दुनिया वसली. रोहित (म्हणजे फ्लेमिंगो), पट्टकादंब, थापट्या, चित्रबलाक, नदी सुरय. पाणी ओसरून चिखलाची पुळण उघडी पडते तसे रोहित वाढतात. इथं फ्लॅशचा प्रश्नच उद्भवत नाही: अंतर मोठं, आणि थवा बिचकला तर त्या दिवशी सगळ्यांचंच नुकसान. चरणाऱ्या रोहिताला १/५०० पुरतं. उडताना १/२०००. पाण्यावर एका जागी पंख मारत थांबणाऱ्या काळ्यापांढऱ्या खंड्याचं अंग स्थिर असतं, पंख मात्र १/२५०० मागतात. सूर्य थोडा वर आल्यावर एफ/५.६ ला १/२००० साठी आयएसओ १६०० च्या आसपास लागतो. सूर्योदयाच्या वेळी तोच ६४०० होतो. बरेच जण आयएसओला घाबरून १/५०० वर राहतात आणि दोनशे धूसर फोटो घेऊन घरी जातात. हे दरवर्षी पाहून हळहळ वाटते. ६०० मिलिमीटर लेन्सला किमान १/६०० हा जुना नियम हाताच्या कंपासाठी होता, आणि लहान सेन्सरवर तो १/९०० होतो. लेन्समधली स्थिरता हाताचा कंप शोषते. पक्ष्याची हालचाल आणि होडीचा हेलकावा तिच्या आवाक्यात नसतो. स्थानिक होडीवाल्यांना पक्षी कधी उठणार हे आपल्या आधी कळतं. त्यांनी वल्हं थांबवलं की बोट बटणावर ठेवावं.

गवताळ रानात मात्र फ्लॅशचा मोह होतो, कारण तिथं सगळं घडतं ते तिन्हीसांजेला. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ चं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. तिकडे इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचा माळ. चिंकारा, लांडगा, खोकड. वनविभागाने या माळांवर सफारीची सोय केली आहे, त्यामुळे कॅमेरे वाढले आहेत. दिवस मावळताना एफ/५.६ आणि १/२५० ठेवलं तर आयएसओ ६००० च्या पुढे जातो आणि फोटो दाणेदार येतो. तो तसाच स्वीकारावा. लांडग्याच्या डोळ्यामागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे फ्लॅशच्या फोटोत त्याचे डोळे दिव्यासारखे पेटतात आणि प्राणी दिसतच नाही. माणसाच्या डोळ्यात तोच फ्लॅश दृष्टिपटलामागच्या रक्तवाहिन्यांवरून लाल होऊन परततो. पण फोटोपेक्षा मोठी गोष्ट ही, की अंधारावर जगणाऱ्या जनावराच्या डोळ्यावर आपण झोत टाकू नये. अभ्यासक लावतात ते बरेच कॅमेरा ट्रॅप अवरक्त उजेडावर चालतात. तिथून येणारे करडे फोटो सुंदर नसतात, पण त्या लांडग्याची शिकार बिघडवत नाहीत. मेंढ्यांच्या वाड्यापाशी रात्री फ्लॅश मारायचा असेल तर आधी धनगर दादांना विचारावं. मेंढरं बुजली तर रात्रभर त्यांनाच धावावं लागतं.

गाळपाच्या हंगामाबद्दल थोडक्यात. रात्री रस्त्यानं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉलीचा फोटो फ्लॅशनं काढला की मागचे रिफ्लेक्टर एवढे चकाकतात की बाकी काही उरत नाही. ते बनवलेलेच आहेत आलेला उजेड आल्या वाटेनं परत पाठवायला. फ्लॅश हातभर बाजूला धरला की चकाकी ओसरते. गुऱ्हाळात काहिलीवरची वाफ हाच खेळ करते, समोरून फ्लॅश मारला तर पांढरी भिंत. फ्लॅश काहिलीच्या मागे किंवा बाजूला ठेवून ट्रिगरनं उडवला तर वाफेलाच आकार येतो. चुलवाणाची लाल धग टिकवायची असेल तर शटर १/१५ पर्यंत खाली न्यावं. इथंही वाहता उजेड आणि बादली वेगवेगळी सांभाळायची आहे.

मोबाइलबद्दल लिहिलं नाही तर निम्मे वाचक बाहेर राहतील. मोबाइलवर ‘फ्लॅश’ लिहिलेलं असतं तो एलईडीचा छोटा टॉर्च. तो शटर उघडं असेपर्यंत जळतच राहतो. म्हणजे ती बादली नाही, बारीक धारच आहे. म्हणून त्यानं हालचाल गोठत नाही, आणि दीड-दोन मीटरपलीकडे तो पोचत नाही. नाइट मोडमध्ये मोबाइल पाठोपाठ अनेक फोटो घेऊन जोडतो. उभ्या देवळासाठी हे उत्तम, नाचणाऱ्या पोरासाठी नाही. प्रो मोड असेल तर शटर हातानं ठरवता येतं. रिंगणाला १/१००० करून पाहावं, फरक लगेच दिसतो.

नव्या कॅमेऱ्यांनी या चर्चेत दोन टोकं आणली आहेत. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर कीर्तनात, मंगलाष्टकांच्या शांततेत आणि पक्ष्यांजवळ मोलाचं वाटतं. पण बहुतेक कॅमेऱ्यांत ते सेन्सर ओळीओळीनं वाचतं, म्हणून धावत्या घोड्याचे पाय वाकडे येतात, एलईडीखाली पट्टे पडतात आणि फ्लॅश एकतर बंदच होतो किंवा फार कमी वेगाला चालतो. फ्लॅश का उडत नाही म्हणून दुकान गाठण्याआधी शटर ‘सायलेंट’वर आहे का ते पाहावं. दुसऱ्या टोकाला नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेला सोनीचा ए-९ मार्क तीन. त्याचा सेन्सर सगळ्या ओळी एकदम वाचतो, म्हणून फ्लॅश १/८०,००० पर्यंत जुळतो आणि फट, पट्टा, सिंक या सगळ्या कटकटी संपतात. फ्लॅशचा झोतच त्या शटरपेक्षा लांब असतो, तेव्हा एवढ्या वेगाला बादलीसुद्धा अर्धवट आत जाते आणि मग शटर फ्लॅशवरही ताबा चालवू लागतं. तालुक्याच्या गावात तो कॅमेरा सहज दिसायला वेळ आहे. तोवर दोन पडद्यांचा हिशेब शिकण्याला पर्याय नाही.

एका ठिकाणी मात्र हा सगळा हिशेब माणसाच्या बाजूनं उलटतो. उजनीचं पाणी खूप खाली गेलं की पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं देऊळ वर येतं. अमावास्येच्या आसपास रात्री तिथं ट्रायपॉड लावावा, एफ/८, आयएसओ ४००, शटर तीस सेकंद. शटर उघडं असताना अंधारात देवळाभोवती चालत जाऊन फ्लॅश हातानं चार-पाच वेळा वेगवेगळ्या कोनांतून उडवावा, स्वतःच्या अंगाआड धरून. चालणारा माणूस फोटोत येत नाही, कारण त्याच्यावर उजेडच पडलेला नसतो. एका छोट्या फ्लॅशनं शिखर, खांब, भिंत एकेक करून उजळते आणि वर ठळक तारे येतात. दगडांवर पाय जपून टाकावा, शेवाळ्याचा चिखल वाळलेला वाटतो पण आत ओला असतो.

ज्याला हे सगळं एका संध्याकाळी समजून घ्यायचंय त्यानं दिवेलागणीनंतर घरासमोर एवढं करावं. आजीला ओट्यावर बसवावं, मागे गोठ्यातला बल्ब चालू ठेवावा. कॅमेरा मॅन्युअलवर, एफ/४, आयएसओ ८००. फ्लॅश टीटीएलवर (आपोआप ताकद ठरवणाऱ्या सोयीवर) नको, मॅन्युअलवर १/३२ ला. अंतर न बदलता सात फोटो काढावेत: १/४, १/८, १/१५, १/३०, १/६०, १/१२५, १/२५० (कॅमेऱ्याचा सिंक १/२०० असेल तर शेवटचा १/२००). मग ते ओळीनं पाहावेत. पहिल्या फोटोत गोठा, गाय, दावणीतला कडबा सगळं पिवळ्या उजेडात न्हालेलं असतं. पुढं पुढं गोठा विझत जातो, आधी कडबा जातो, मग गाय. १/२५० ला नुसता बल्ब ठिपक्याएवढा उरतो. आजीचा चेहरा सातही फोटोंत जवळपास सारखाच उजळलेला असतो.